उराभेटीची बंडी

या, पुढे या. खांबाला टेकून बसलात त्यांनीही जरा सरकून घ्या, म्हणजे मागच्यांना ऐकू येईल. आजचं आख्यान पुराणातलं नाही. आपल्याच किनाऱ्यावर घडलेलं आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ती माणसं अजून हिंडतायत, जेवतायत, झोपतायत. एक सोडून. ऐकताना राग आला तर येऊ द्या. पण उठून जाऊ नका. सांगते ती गोष्ट पुरती ऐकण्यासारखी आहे.

कातळणे बंदरात लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. तिथे हेमलता आठल्ये कीर्तन करायच्या. गाव त्यांना हेमाताई म्हणे. आवाज जाड, वरच्या सुरात गेला की किंचित चिरायचा, आणि तो चिरला की मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. देऊळ हेच घर आणि श्रोते हेच गणगोत.

समुद्र तोवर बराच वर आला होता. जुना धक्का पाण्याखाली गेला, नवा वर कातळावर बांधला. मुंबईला समुद्र अडवायला भिंत घातली होती. आणि दूर दक्षिणेची हुरावी बेटं, ज्यांना भिंत घालायला कुणी नव्हतं, ती बुडाली. तिथली माणसं जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. कातळण्याच्या वर, सड्यावरच्या उघड्या माळावर, त्यांची छावणी उभी राहिली. मग एक दिवस मुंबईच्या समुद्रभिंतीच्या दरवाजात स्फोट झाला. पाणी शहरात शिरलं, माणसं गेली. करणारा हुरावीचा आहे असं सांगितलं गेलं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, चेहरा ठाऊक नव्हता. तपास करणाऱ्यांनी त्याला ‘भोवरा’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या मागावर आपल्या सरकारचा किनारा विभाग होता आणि त्याला ताब्यात घ्यायला टपलेली एक परदेशी यंत्रणाही होती, कारण त्या पुरात त्यांचं एक जहाज माणसांसकट बुडालं होतं.

इद्रिस त्या छावणीतला. पस्तिशीचा, काटकुळा, जाळी विणण्यात वाकबगार. दुपारी देवळाच्या पायरीवर सावलीला जाळं घेऊन बसायचा. हात चालायचे आणि ओठांतल्या ओठांत एक चाल चालायची. ओळ लांब सोडत न्यायची, अगदी छाती रिकामी होईपर्यंत; मग झटकन एक छोटा श्वास, आणि पुन्हा लांब ओळ.

हेमाताईंनी एकदा आतूनच विचारलं, “काय रे म्हणतोस ते?”

“होडीचं गाणं, ताई. वल्हं मारताना म्हणतो आम्ही. अर्थ काही मोठा नाही. ‘ओढ, घर दिसतंय,’ एवढंच.”

“याहून मोठा अर्थ मला अजून सापडायचाय. शिकव बघू.”

तो बाहेर पायरीवर, ताई आत उंबऱ्याशी, अशी ती शिकवणी झाली. आणि पुढच्या एकादशीला ताईंनी नारायणनामाचा गजर त्या चालीवर लावला. तबल्यावर विसूभाऊ टिळेकर होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“अहो ताई, ही चाल तालात बसते का? माझा तबला लाटेत पडल्यासारखा वाटतोय.”

“पडू दे. पोहायला शिकेल.”

“या वयात?”

“तबल्याला वय नसतं, विसूभाऊ. तुम्हाला असलं तर सांगा.”

मंडप हसला. पण गजर असा रंगला की शेवटी कोण गातंय आणि कोण ऐकतंय ते कळेना. सगळ्यांचा श्वास एकदम सुटत होता, एकदम आत येत होता. माणसांचा मिळून एक भाता झाला होता.

आता त्या देवळाची रीत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. गजर थांबला की टाळ खाली ठेवायचे आणि शेजारच्याला उराशी धरायचं. पुरुषांनी पुरुषांना, बायकांनी बायकांना. ज्याच्याशी भांडण असेल त्याला आधी. आणि श्वास खाली बसेपर्यंत सोडायचं नाही. याला कातळण्यात उराभेट म्हणतात. या उराभेटीनं बांधाचे तंटे मिटलेत, सासू-सून बोलायला लागल्यात. इद्रिस मात्र गजर संपत आला की जाळं गुंडाळून पायऱ्या उतरून जायचा.

अशात अभिराम खांबेटे गावात आला. बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून. पहिल्याच कीर्तनाला मागे बसला, दुसऱ्याला टाळ मागून घेतले. हात चांगला होता त्याचा. आई नुकतीच गेली, तिच्याबरोबर लहानपणी कीर्तनं ऐकली, म्हणाला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी तो ताईंकडे जेवायला येऊ लागला. नारळ फोडून द्यायचा, पंपात हवा भरली की काढून द्यायचा, आंबोळ्या किती खाल्ल्या ते विसरायचा. भाऊबीजेला ताईंनी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्यांना भाऊ नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ताईंनी इद्रिसला विचारलं, “माझ्या गजराची चाल तुझी, आणि तूच मंडपात येत नाहीस. आमचा विटाळ होतो की तुझा आम्हाला?”

“तसं नाही, ताई.” त्यानं जाळ्याची गाठ पुन्हा पुन्हा ओढली. “छातीला छाती लावायची भीती वाटते.”

मग त्यानं सांगितलं. छावणीत पेटी घेऊन माणसं यायची. छातीवर एक चकती लावायची. काळजाचा ठसा घेतात म्हणे. त्याच्या चुलतभावाचा ठसा भोवऱ्याशी जुळला. नेला त्याला. पुढं मेहुण्याचाही भोवऱ्याशीच जुळला. त्यालाही नेलं. विचारायला गेला तर म्हणाले, पहिल्या वेळी यंत्र कच्चं होतं, आता पक्कं केलंय.

“पण ज्याला पहिल्यांदा नेला तो परत नाही आला, ताई. भोवरा एकच ना? मग आमच्या घरात किती भोवरे?” तो हसल्यासारखं करून थांबला. “माझी पाळी आली तेव्हा मी मागच्या बाजूनं खाडीत उतरलो. तेव्हापासून माझं नाव त्यांच्याकडं आहे. जो ठसा देत नाही, तो चोर.”

“मला सांगितलंस ते बरं केलंस.”

“तुम्हालाच सांगितलं.”

ताईंनी ते अभिरामला सांगितलं. लबाडीनं नाही हो. फणस चिरत होत्या, हाताला तेल होतं, मन भरून आलं होतं. अभिरामच्या ओळखीत रत्नागिरीला एक वकील होता, असं तो पूर्वी बोलला होता. भावाला सांगायचं नाही तर कुणाला?

अभिरामनं गऱ्यातली आठळी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “वकिलाशी मी बोलतो, ताई. पण त्याआधी इद्रिसला आपल्यात घ्या. गोपाळकाल्याला सगळं गाव असतं. सगळ्यांसमोर त्याची उराभेट झाली की तो गावाचा झाला. गाव मागे आहे म्हटलं की वकिलालाही जोर येतो.”

ताईंना ते इतकं आवडलं की त्यांनी तेलकट हातानंच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

गोपाळकाल्याचा दिवस. ऊन स्वच्छ पडलं होतं. दहीहंडी फुटली, काल्याचा प्रसाद वाटून व्हायचा होता, आणि ताईंनी गजर धरला, तोच, होडीचा. मंडप डोलू लागला. इद्रिस पायरीवर होता. गाताना त्याचे डोळे मिटले होते. गजर कळसाला पोचला, थांबला, टाळ खाली ठेवले गेले. तो उठायच्या आत ताई गादीवरून उतरून उंबऱ्याशी आल्या.

“इद्रिस, आज पळायचं नाही. ये वर.”

तो जाळं गुंडाळायला लागला.

“माझ्या शब्दावर ये.”

त्यानं जाळं खाली ठेवलं. चपला आधीच काढलेल्या होत्या. एक एक पायरी चढून तो मंडपात आला आणि सगळ्यांत पुढे अभिराम उभा होता. पांढरा सदरा, वर करड्या रंगाची जाडसर बंडी. त्यानं हात पसरले. इद्रिसनं एकदा ताईंकडे पाहिलं. ताई हसत होत्या. तो पुढे झाला.

अभिरामनं त्याला घट्ट धरलं. रीतीप्रमाणे, श्वास खाली बसेपर्यंत. बायका म्हणाल्यासुद्धा, “किती मायेनं धरलंय बघा.” मग अभिरामनं त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं, आणि ती खूण होती. गर्दीतून चार अनोळखी गडी पुढे आले. इद्रिसचे हात मागे गेले. काल्याचं भांडं कलंडलं. दह्यात पाय घसरून विसूभाऊ पडले आणि पडल्या-पडल्या ओरडले, “अरे मेल्यांनो, देवळात आहात!”

इद्रिस ओरडला नाही. ताईंकडे वळून एवढंच म्हणाला, “तुम्हालाच सांगितलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पहिल्या गाडीनं रत्नागिरीला गेल्या. किनारा विभागाच्या कचेरीत त्यांनी ठिय्या दिला. शेवटी त्यांना एका खोलीत नेलं. टेबलामागे अभिराम बसला होता. खुर्चीच्या पाठीला तीच बंडी लटकत होती.

“बसा, हेमलताबाई,” तो म्हणाला.

“ताई म्हणायचं तुझं आता संपलं वाटतं.”

त्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“तुझी आई?”

“आहे. सोलापूरला असते.”

ताईंनी पेल्याला हात लावला नाही. “मला समजावून सांग. माझ्या हातून तू काय करवून घेतलंस, ते तरी मला कळू दे.”

कदाचित लाज वाटली असेल, कदाचित नुसती सवय. पण त्यानं सांगितलं. बंडीच्या बाहेरच्या कापडात केसाहून बारीक धागे विणलेले होते. कुणाला छातीशी धरलं की त्याच्या हृदयाचे हादरे ते धागे टिपत. माणूस चेहरा बदलतो, बोटांचे ठसे जाळतो. हृदय बदलता येत नाही. झडपा मिटतात त्या धक्क्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. दोन ठोक्यांमधलं अंतरही सारखं नसतं, ते लांबतं, आखडतं, आणि त्याचीही एक चाल असते. आकार आणि चाल मिळून झाला ठसा. एका जागी शांत धरलेलं माणूस मिळालं तर ठसा सर्वांत स्पष्ट उमटतो.

“म्हणून आमची रीत कामी आली.”

“हो.”

“आणि भोवऱ्याचा ठसा कुठून आणलात?”

“स्फोटाआधी भिंतीजवळ एक होडी दिसली होती. वरून उडतं यंत्र गेलं. त्यानं लांबून, लेझरचा किरण सदऱ्यावर टाकून, पुढं बसलेल्या माणसाच्या छातीची थरथर टिपली. त्या माणसानंच पुढे स्फोट केला. होडी हलत होती, वारा होता, म्हणून धक्क्याचा आकार पुसट आला. पण ठोक्यांमधली चाल स्वच्छ मिळाली. यंत्र बहुतेक तिच्यावरच जुळवतं.”

“होडीत एकटा होता?”

“आठ-दहा जण. वल्हवत होते.”

“गात होते?”

अभिरामनं मान वर केली. “आवाज टिपलेला नाही. ओठ हलत होते.”

ताई उठून उभ्या राहिल्या. “अभिराम, आत श्वास घेतला की काळीज जलद चालतं आणि सोडला की मंदावतं. मुलाच्या दम्यापायी डॉक्टरांकडून मी हे कितीदा ऐकलंय. ज्या गाण्यानं सगळे एकदम श्वास सोडतात आणि एकदम घेतात, त्या गाण्यात सगळ्यांची काळजं एका चालीनं चालणार नाहीत का? त्याचा चुलतभाऊ जुळला, मेहुणा जुळला. छावणीतले लोक भीतीनं, ओठांत, तेच गाणं म्हणत बसतात. आणि काल इद्रिस काय गात होता? तो श्वास खाली बसायच्या आत तू त्याला धरलंस.”

“यंत्र इतकं साधं नसतं.”

“मग घाल ती बंडी. उलटी घाल, ते धागे तुझ्या छातीशी येऊ देत.”

तो हलला नाही. ताईंनीच बंडी उचलली, उलटी केली आणि त्याच्यापुढे धरली. जशी आई शाळेत निघालेल्या पोराला घालते तशी. त्यानं हात आत घातले. मग त्या बंद खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, ताईंनी होडीच्या चालीवर नारायणाचं नाव घेतलं. तो तोंड मिटून बसला होता. पण महिनोन् महिने तो त्या मंडपात टाळ वाजवत आला होता. ओळ लांबत गेली तसा त्याचा श्वास लांबला. ती तुटली तसा त्यानं झटकन आत ओढला. त्याचं त्यालाही कळलं नाही. थोड्या वेळानं त्याचे ओठ हलायला लागले.

टेबलावरच्या संगणकाचा पडदा उजळला. ठसा जुळला, असं त्यावर आलं. खाली एकच शब्द होता: भोवरा.

गोष्ट तशी साधी आहे, लक्षात घ्या. यंत्रानं खोटं सांगितलं नाही. त्याला गाणं ओळखू येत होतं, आणि माणसांना वाटत होतं की ते माणूस ओळखतंय.

अभिराम पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्ची मागे सारून खाली वाकला आणि त्यानं ताईंचे पाय धरले. खरोखर रडत होता तो. “ताई, संध्याकाळी विमान आहे. त्या परदेशी लोकांच्या ताब्यात देणार आहेत त्याला. मी थांबवतो. हे सगळं मी आत्ता वर दाखवतो. तुम्ही गावी जा, इथे थांबलात तर त्यांना वाटेल तुम्ही पढवलंत.”

“शब्द?”

“ओवाळलंत तुम्ही मला.”

ताई गावी आल्या. वाटेत त्यांनी विसूभाऊंना फोन करून सांगितलं, पोर चांगलं आहे हो, चुकलं होतं, सुधारलं. विसूभाऊ पुटपुटत म्हणाले, “तुमचा स्वभाव गो ताई, तुमचा स्वभाव.”

संध्याकाळी विमान गेलं. इद्रिसला घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी होती: भोवरा सापडला. आणि तिच्याखाली आणखी एक ओळ होती: स्थानिक कीर्तनकार हेमलता आठल्ये यांच्या सहकार्यामुळे ही कामगिरी यशस्वी झाली.

आठवड्यानं किनारा विभागाच्या गाड्या देवळापुढे थांबल्या. छावणीतल्या लोकांना मुद्दाम आणून ओळीनं बसवलं होतं. ताई काय चाललंय ते बघायला मंडपाबाहेर आल्या, आणि त्यांना काही कळायच्या आत मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. वळल्या तर अभिराम. कॅमेरे चमकले. ताई वळलेल्या, तो हात जोडून वाकलेला; फोटो असा छान आला की बहीण-भावांचाच वाटावा.

ताईंनी शाल काढून त्याच्या हातात दिली. “दाखवलंस का वर?”

तो हळू आवाजात बोलला, ओठ फारसे न हलवता. “पुसून टाकलं, ताई. एकाची चूक मान्य केली की तिघांना परत मागावं लागतं. आणि पहिले दोघं आता परत मिळण्यासारखे राहिलेले नाहीत.”

“आणि खरा भोवरा?”

“तो पकडलाय ना,” अभिराम म्हणाला आणि गाडीकडे निघाला.

ताईंनी तिथेच, त्या ओळीनं बसलेल्या लोकांपुढे, सगळं सांगायला सुरुवात केली. यंत्र, श्वास, गाणं, बंडी. पण छावणीतल्या लोकांनी फोटो निघताना बघितला होता. इद्रिसची आई, हलिमाबी, उठली. ताईंच्या समोर येऊन उभी राहिली. ताईंना वाटलं, ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हातारीनं नुसता पदर छातीवर घट्ट ओढून घेतला, दोन्ही हातांनी, झाकून, आणि छावणीच्या वाटेला लागली. तिच्यामागे सगळे.

ती सवय मग गावालाही लागली. कातळण्यात आजही कीर्तन होतं, गजर होतो, पण टाळ खाली ठेवले की माणसं लांबूनच हात जोडतात आणि चपला शोधतात. कुणाच्या अंगात कसली बंडी असेल, कोण जाणे. बांधाचे तंटे आता कोर्टात जातात. होडीची चाल कुणी म्हणत नाही. छावणीत तर पोरांनी ती गुणगुणली तरी आया तोंडावर हात ठेवतात. ताई पत्रं लिहितात, अर्ज करतात, मुंबईला जाऊन येतात. उत्तर येतं की इद्रिस नावाच्या कुठल्याही इसमाला या विभागानं ताब्यात घेतलेलं नाही. आणि ते खोटं म्हणता येत नाही, कारण त्यांच्या दप्तरी फक्त भोवरा आहे.

तेव्हा श्रोतेहो, माझी एवढीच विनवणी आहे. आरती झाली, प्रसाद घेतला, घरी गेलात, की अभिरामला शिव्या देण्यात वेळ घालवू नका. ताईंची कीवही करू नका, त्यांना ती आवडत नाही. एक नाव तेवढं सांभाळा, कारण ते कुठल्याच कागदावर उरलेलं नाही. त्याचं नाव इद्रिस. हुरावी बेटावरच्या हलिमाबीचा मुलगा. तो आमच्या पायरीवर बसून जाळी विणायचा. त्याची आठवण ठेवा.